केरबानं केलेले दोन खंड

एक होती तोरसेवाडी. तिथल्या शाळेत एक भोळा शिपाई होता. नाव केरबा.

केरबा वाईट नव्हता. आळशी तर अजिबात नव्हता. सांगितलेलं काम तो जिवावर उदार होऊन करायचा. अडचण एवढीच, की जेवढं सांगितलं तेवढंच करायचा. आणि जसं सांगितलं तसंच.

एकदा शाळेच्या कालिंदीबाई म्हणाल्या, "केरबा, फळ्यावर उद्याचा पाठ लिहिलाय. कुणी पुसणार नाही याकडे लक्ष ठेव." आणि त्या घरी गेल्या. तो शनिवार होता. सोमवारी आल्या तर केरबा फळ्यासमोर मांडी घालून बसलेला. डोळे लाल. समोर बायकोनं आणून दिलेली भाकरी तशीच.

"अरे, जेवला का नाहीस?"

"भाकरीकडं बघितलं असतं तर फळ्याकडं कोण बघणार, बाई?"

बाईंनी कपाळाला हात लावला. पण त्यांना केरबाची माया होती. शाळेत शिकवायला त्या एकट्या, आणि बाकी सगळ्या कामाला केरबा. एकवीस मुलं, दोन खोल्या, एक व्हरांडा. एवढीच शाळा.

आणि तीही जायची वेळ आली होती.

झालं असं. शाळा वाडीच्या जरा बाहेर, रस्त्याला लागून होती. त्याच रस्त्यानं पुढं पिंगळगाव होतं. तिथंही एक शाळा होती, मोठी, दुमजली. मधलं अंतर एक किलोमीटरही नव्हतं. वरून कागद आला. त्यात लिहिलं होतं, की दोन शाळा इतक्या जवळ असतील आणि मधे काही अडथळा नसेल, तर त्या दोन धरता येणार नाहीत. एकच धरावी. धाकटीला कुलूप लावावं. शुक्रवारी साहेब स्वतः येऊन बघतील.

बाईंनी कागद तीनदा वाचला. मग पदर खोचला.

"केरबा, शाळा अशी दिसली पाहिजे की साहेबांना कुलूप लावायला हात उचलवणार नाही."

"हात बांधू का त्यांचे?"

"नको. भिंत रंगवू या."

व्हरांड्याची भिंत मोठी होती. बाईंनी खडूनं तिच्यावर जगाचा नकाशा काढला. दोन दिवस लागले. मग रंगाचे सात डबे आणून केरबासमोर ठेवले.

"जगात सात खंड आहेत. प्रत्येकाला एक रंग. रेघेच्या बाहेर जायचं नाही."

"सात," केरबा म्हणाला आणि बोटं मोजून ठेवली.

तो रंगवायला लागला. आशिया पिवळा झाला. आफ्रिका हिरवा. युरोप निळा. ऑस्ट्रेलिया तांबडा. मग वरची अमेरिका जांभळी झाली. एवढ्यात काठी टेकत नेमिनाथ गुरुजी आले. हे गुरुजी म्हणजे शाळेतले जुने मास्तर. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती, पण रोज शाळेवरून एक चक्कर असायचीच. केरबालाही त्यांनीच शिकवलेलं. म्हणजे तसा प्रयत्न केलेला.

"काय चाललंय रे?"

"जगातली खंडं रंगवतोय, गुरुजी."

गुरुजींनी काठीनं मोजली. "एक, दोन, तीन, चार, पाच. झालं की! पाचच असतात. धू आता ब्रश."

केरबानं ब्रश धुतला.

संध्याकाळी बाई बघायला आल्या. खालची अमेरिका पांढरी. अंटार्क्टिका पांढरी. दोन डबे झाकणासकट तसेच.

"हे का राहिलं?"

"संपली, बाई. पाचच असतात. गुरुजींनी स्वतः मोजली."

दुसऱ्या दिवशी बाईंनी गुरुजींना गाठलं. दोघांचं व्हरांड्यातच सुरू झालं.

"गुरुजी, सात आहेत."

"आम्ही तीस वर्षं पाच शिकवली. तेव्हा काय पृथ्वी लहान होती?"

"पृथ्वी तेवढीच आहे. मोजायची रीत वेगळी. तुम्ही दोन्ही अमेरिका एकच धरता."

"एकच आहे ती! वरची खालचीला चिकटलेली दिसत नाही? चिकटलेलं ते एकच."

केरबा बाजूला उभा होता. त्याला हे पटलं. त्यानं मनात घट्ट धरून ठेवलं. चिकटलेलं ते एकच.

बाईंनी मुलांसमोर जास्त वाद घातला नाही. केरबाला दुसऱ्या कामाला लावलं. "शिदाप्पाच्या बागेत जा. साहेब येतील त्या दिवशी मुलांच्या खाऊला तो केळी देणार आहे. एकवीस मुलं, एकवीस केळी. पिकली बघून आण. जास्त घेऊ नकोस, तो आपण होऊन देतोय."

"एकवीसच आणतो."

दुपारी शाळेच्या दारात बैलगाडी थांबली. गाडीत केळीच केळी. वर केरबा. मागून शिदाप्पा धोतर सावरत पळत येत होता.

"बाई! ह्यानं माझी बाग उजाड केली!"

बाई बाहेर आल्या. "केरबा, किती आणलीस?"

"एकवीस." केरबानं गाडीतून एक फणी उचलून दाखवली. "हे एक." दुसरी उचलली. "हे दोन."

"अरे, एका फणीत बारा-पंधरा केळी असतात!"

"पण चिकटलेली हायत, बाई. चिकटलेलं ते एकच."

शिदाप्पाला काही कळेना. तो गुरुजींकडे बघायला लागला. गुरुजी नकाशाकडे बघायला लागले.

बाईंनी शिदाप्पाला पाणी दिलं, तेरा केळ्यांची एक फणी आणि वर आठ सुटी केळी ठेवून घेतली आणि बाकीची गाडी परत पाठवली. मग केरबाला भिंतीसमोर उभं केलं.

"नीट बघ. चिकटलेलं असलं म्हणून एकच होत नाही. ह्या दोन अमेरिका बघ. वरची केवढी, खालची केवढी. आणि मधे? चिंचोळी. मान कशी बारीक आहे. जिथं मान बारीक, तिथं दोन धरायचे."

"जिथं मान बारीक, तिथं दोन."

"शाब्बास. आता खालची अमेरिका रंगव. नारिंगी."

केरबानं रंगवली. रेघेच्या बाहेर एक थेंब गेला नाही. बाई खूश झाल्या. त्याच भरात म्हणाल्या, "साहेबांसाठी गार पाणी हवं. माझ्या घरची सुरई आणलीय ती आत ठेवलीय. आणि एक कुठून तरी बघ. टेबलावर दोन हव्यात, एक साहेबांना आणि एक पाहुण्यांना."

सुरई मातीची होती. बाईंच्या आईची. पोट गोल, वर लांब मान. गावात दुसरी सुरई कुणाकडे नव्हती. केरबा चार घरं हिंडून आला. परत येऊन सुरईसमोर बसला. तिच्याकडे बघितलं. मग त्याचं लक्ष मानेकडे गेलं.

बाई आत मुलांचे पाढे घेत होत्या. बाहेर टक्‌ असा आवाज झाला.

त्या आल्या तेव्हा टेबलावर स्वच्छ कापड अंथरलेलं होतं. एका टोकाला सुरईचं पोट. दुसऱ्या टोकाला सुरईची मान. मधे फुलं.

बाईंनी दाराची चौकट धरली.

"दोन झाल्या," केरबा म्हणाला. "मान बारीकच होती. एका टोल्यात झालं. पण बाई, वरच्या सुरईत पाणी ऱ्हात न्हाई. दोनदा भरून बघितलं."

त्या दिवशी बाई थोड्या रडल्या. केरबाला वाटलं, पाणी राहत नाही म्हणून रडतात. त्यानं मानेला खालून बूच बसवलं. ते बघून त्या आणखी रडल्या.

केरबाला त्यांचं रडणं सोसवेना. आपल्याला हे खंडांचं प्रकरण नीट कळलं नाही, म्हणून सगळं बिघडतंय, एवढं त्याच्या ध्यानात आलं. तो उठला आणि सरळ नेमिनाथ गुरुजींच्या घरी गेला. गुरुजी ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"गुरुजी, एक अडलंय. बाईंची सात. तुम्ही दोन अमेरिकांची एक केली. सातातलं एक गेलं. राहिली सहा. तुम्ही म्हणता पाच. मग सहावं कुठं गेलं?"

गुरुजींनी अडकित्ता खाली ठेवला. तीस वर्षांत केरबानं पहिल्यांदा बरोबर वजाबाकी केली होती.

"सहावं म्हणजे ते खालचं, बर्फाचं. अंटार्क्टिका. अरे, तिथं गाव नाही, घर नाही, चूल नाही. जिथं माणूस नाही ते मोजायचं कशाला? आम्ही सोडून द्यायचो."

"जिथं माणूस न्हाई ते मोजायचं न्हाई."

"बरोबर."

केरबा हलका होऊन घरी आला. शांत झोपला. सकाळी उठला तेव्हा शुक्रवार होता.

बाईंनी लवकर येऊन मुलांना रांगेत बसवलं होतं. वेण्या, तेल, धुतलेले सदरे. नकाशा झळकत होता. अंटार्क्टिका बाईंनी स्वतःच रंगवून टाकली होती, पुढं वाद नको म्हणून. त्यांनी केरबाला बोलावलं.

"व्हरांड्यात चार खुर्च्या मांड. साहेब येतील, सोबत कोणी असेल. बरोबर चार. आणि आज मला एक शब्द न विचारता काम कर."

केरबानं चार खुर्च्या मांडल्या. मोजल्या. मोजता मोजता थांबला. खुर्च्या रिकाम्या होत्या. एकीतही माणूस नव्हता. म्हणजे त्या मोजायच्या नाहीत. म्हणजे बाईंनी चार सांगितल्या आणि झाल्या शून्य. विचारायचं तर नव्हतं. तो गावात पळाला.

दहा वाजता पिंगळगावच्या अंगानं जीप आली. शाळेच्या वर रस्त्याला जरा चढ होता. साहेबांनी जीप तिथं उभी केली, वाट बघत उभ्या असलेल्या केरबासमोर ब्रेकचा दांडा ओढला आणि चालत खाली आले. नाव सरवदे. एकटेच होते, गाडीही स्वतःच हाकत आलेले. हातात कागदांची फाईल, चेहरा थकलेला. बाई हात जोडून पुढं झाल्या.

"या साहेब, बसा."

साहेब बसायला वळले. पहिल्या खुर्चीत नेमिनाथ गुरुजी होते. दुसरीत शिदाप्पा. तिसऱ्या आणि चौथ्या खुर्चीत वाडीतल्या दोन म्हाताऱ्या, नऊवारी चापून, हात मांडीवर.

"उठा की," बाई हळूच म्हणाल्या.

"केरबा उठू नका म्हणालाय," एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली. तिला ऐकू कमी यायचं. "आम्ही उठलो तर खुर्ची मोजत न्हाईत म्हणे."

केरबा पुढं आला. "चार मांडल्या, बाई. चारही भरून ठेवल्या."

साहेब मुलांच्या सतरंजीवर बसले. बाईंना भूमी दुभंगावी असं झालं. पण साहेबांना सकाळपासून पहिल्यांदाच पाय पसरायला मिळाले होते. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. त्यांनी नकाशा पाहिला.

"छान काढलाय. कोण सांगेल, खंड किती?"

"सात!" एकवीस मुलं ओरडली.

"सात?" साहेब हसले. "आम्हाला सहा होते."

"पाच," पहिल्या खुर्चीतून गुरुजी म्हणाले.

"पाच नव्हे, गुरुजी. सहा. युरोप आणि आशिया एकच जमीन आहे, म्हणून एकच खंड. बघा ना, मधे समुद्र कुठाय? पलीकडून चालत निघालेला माणूस पाय न भिजवता इकडं येईल."

"तसं असेल तर साहेब, आफ्रिकाही आशियाला चिकटलेलीच होती," बाई म्हणाल्या.

"होती ना. माणसांनी कालवा खणला म्हणून तर मधे पाणी आलं. किती वर्षं खणत होते, कुदळी-फावड्यांनी."

केरबा दाराशी उभा राहून ऐकत होता.

बाई नकाशाजवळ गेल्या.

"साहेब, युरोप-आशियाच्या मधे पाणी नाही हे सगळ्या जगाला माहीत आहे. एक डोंगरांची रांग दाखवतात, तीही सगळीकडे नाही. तरी बहुतेक पुस्तकांत ते दोन आहेत. का? कुणी आकाशातून बघून ठरवलं नाही. तिथल्या माणसांनी फार पूर्वी म्हटलं, आम्ही वेगळे. बाकीच्यांनी मान्य केलं. काहींनी नाही केलं. म्हणून कुणी सहा म्हणतं, कुणी सात. गुरुजींच्या पुस्तकात पाच होते, तेही खोटं नव्हतं. मोजणारा कशाला वेगळं म्हणतो त्यावर आहे सगळं." त्या क्षणभर थांबल्या. "मग आमच्या दोन शाळांची एक करताना आम्हाला कुणी विचारलं का? ही मुलं सकाळी आईच्या हाकेच्या टप्प्यात असतात. ती पहिलीतली सुमी बघा. तिला ट्रक येतो त्या रस्त्यानं पिंगळगावला एकटी पाठवायची?"

सुमीनं नाक पुसलं आणि उभी राहिली. साहेबांनी तिला बसायला सांगितलं. मग ते फाईल चाळायला लागले. म्हातारीनं दुसरीला विचारलं, "काय म्हणतोय?" दुसरी म्हणाली, "काहीच न्हाई."

"बाई," साहेब शेवटी म्हणाले, "मला पटतंय. खरंच पटतंय. पण माझ्या कागदावर एकच रकाना आहे. मधे अडथळा आहे की नाही. मनातला चालत नाही, जमिनीवरचा लागतो. ओढा म्हणा, नाला म्हणा. मधे पाण्याचा एवढासा पट्टा जरी असता ना, मी आनंदानं दोन लिहिलं असतं."

"मधे पाणी पायजे?" केरबानं दारातून विचारलं.

"हो रे बाबा. पाणी पाहिजे."

"किती?"

साहेब उदास हसले. "माणसाला ओलांडता येणार नाही इतकं."

केरबा निघून गेला. बाईंना वाटलं, प्यायचं पाणी आणायला गेला.

मग साहेबांचं जेवण झालं. झुणका, भाकरी, ठेचा. केळी मुलांनी खाल्ली. गुरुजी, शिदाप्पा आणि म्हाताऱ्या आपापल्या घरी गेल्या. साहेब खुर्चीत मागं मान टाकून बसले आणि तसेच झोपले. सही करायची त्यांनाही घाई नव्हती. बाईंनी मुलांना आवाज न करता चित्रं काढायला बसवलं.

इकडं केरबा कामाला लागला होता. रस्ता कच्चा, मातीचा. त्याच्या कडेनं, जरा उंचावरून, उसाला पाणी देणारा मोठा पाट वाहत होता. केरबानं शेतातलं कुदळ-फावडं घेतलं, रस्त्यात आडवा चर खणायला घेतला आणि मग पाटाचा बांध फोडला. पुढचं काम पाण्यानंच केलं. केरबानं कमरेएवढा चर खणला होता. पाण्यानं तो पुरुषभर केला. बघता बघता रस्त्याचे दोन तुकडे झाले. तांबडं पाणी घोंघावत पलीकडच्या खाचरात पडायला लागलं.

केरबानं काठी टाकून बघितली. काठी वाहून गेली. माणसाला ओलांडता येणार नव्हतं. तो घाम पुसत शाळेत आला आणि घंटा द्यायची वेळ झाली होती म्हणून घंटा दिली.

एकवीस मुलं दप्तरं घेऊन पळत सुटली. आणि पळता पळता थांबली.

पाण्याच्या पलीकडे तोरसेवाडी उभी होती. आया होत्या. गुरुजी होते. म्हाताऱ्या होत्या. शिदाप्पा डोक्यावर हात ठेवून उभा होता, कारण पाणी त्याच्याच उरलेल्या केळीत शिरत होतं.

बाई धावत आल्या. मागून साहेब.

"केरबा! हे काय केलंस?"

"मधे पाणी आणलं, बाई. साहेब म्हणाले होते."

"कशाच्या मधे?"

"शाळेच्या आणि वाडीच्या."

"अरे देवा! शाळेच्या आणि वाडीच्या मधे नाही! ह्या शाळेच्या आणि त्या शाळेच्या मधे हवं होतं! तिकडं! पिंगळगावच्या बाजूला!"

केरबानं वाडीकडे बघितलं. मग पिंगळगावच्या बाजूला बघितलं. चूक त्याच्या लक्षात आली. त्याचा चेहरा पडला. पण केरबा चूक तशीच सोडणारा माणूस नव्हता. त्यानं फावडं खांद्यावर टाकलं.

पुढचा तासभर कुणाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. पलीकडून आया ओरडत होत्या, अलीकडून मुलं ओरडत होती. सुमीच्या आईनं भाकरी फडक्यात बांधून फेकली, ती साहेबांच्या छातीवर आदळली. गुरुजी पलीकडून काठी हलवत होते. "आता खंडं सहा झाली का रे?" त्यांनी मुलांना विचारलं. मुलं म्हणाली, "आठ!" आणि नाचायला लागली. त्यांना इतकी चांगली शाळा कधी भरली नव्हती.

"मी पिंगळगावातून माणसं आणतो," साहेब म्हणाले आणि जीपकडे निघाले. बाई त्यांच्या मागं.

शंभर पावलांवर ते थांबले. इथंही रस्ता तुटला होता. इथंही पाणी घोंघावत होतं. हे तर पहिल्यापेक्षा रुंद होतं, कारण केरबाचा हात आता बसला होता. पलीकडे चढावर साहेबांची जीप उभी होती. जीपला टेकून केरबा उभा होता.

"झालं बाई!" तो हात हलवत ओरडला. "आता बरोबर बाजूला खणलं!"

पुढं पाणी, मागं पाणी. मधे शाळा, एकवीस मुलं, एक बाई आणि ते. ते परत आले, सतरंजीवर बसले. बाईंनी चहा दिला. त्यांनी तो प्याला. मग एकाएकी त्यांचे खांदे हलायला लागले. बाईंना वाटलं, साहेबांना काहीतरी झालं. साहेब हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

त्यांनी फाईल उघडली आणि लिहिलं:

'सदर शाळेच्या दोन्ही बाजूंस खोल व वाहते पाणी आढळले. येथील मुलांना दुसऱ्या शाळेत पाठवणे शक्य नाही. मला स्वतःलाही जाणे शक्य नाही. सबब ही शाळा स्वतंत्र धरावी.'

खाली सही केली. तारीख टाकली. एक प्रत बाईंना दिली. बाईंनी ती वाचली, पुन्हा वाचली, पेटीत ठेवली, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली. मग त्या पाठमोऱ्या होऊन भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या, म्हणजे साहेबांना तोंड दिसू नये.

शाळा वाचली होती. आता फक्त साहेबांना घरी जायचं होतं.

ते पुन्हा दुसऱ्या चरापाशी आले. ऊन उतरायला लागलं होतं. केरबा पलीकडे तसाच उभा होता. शाबासकीची वाट बघत.

"केरबा!" साहेबांनी तोंडाशी हात धरून हाक दिली. "काम फार चांगलं केलंस! पण आता एवढं बुजव! मला जायचंय!"

"कशानं बुजवू?"

"कशानंही! दगड, माती, जे असेल ते!"

केरबानं इकडं तिकडं बघितलं. "दगूड लांब हायत, साहेब!"

"अरे, मग जवळ जे हाताला लागेल ते लोट आत! पण लवकर कर!"

केरबानं मान डोलवली. हाताला जे लागत होतं त्याच्याकडे त्यानं एकदा बघितलं. मग तो मागं गेला, जीपचं दार उघडलं आणि सकाळी साहेबांना ओढताना बघितलेला ब्रेकचा दांडा उलटा लोटला. उतार होताच. फारसं लोटावंही लागलं नाही.

जीप चरात अगदी बरोबर बसली. जराही फट राहिली नाही.